पटकीचे विष आणि डॉ. शंभुनाथ दे



या व्यासपीठावर थोर पुरुषांची चरित्रे पुष्कळ सांगितली गेली आहेत. चरित्र सांगणाऱ्याला प्रसंग लागतात. कुठे तुरुंगवास, कुठे देशत्याग, निदान एखादा गाजलेला वाद तरी. आज ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या आयुष्यात असे काही शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. खेड्यातला एक गरीब मुलगा शिकला, डॉक्टर झाला, विलायतेला जाऊन आला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवता शिकवता निवृत्त झाला आणि काही वर्षांनी वारला, एवढाच त्याचा बाह्य वृत्तांत. जे घडले ते एका सशाच्या आतड्याच्या वीतभर तुकड्यात घडले. पण ते असे घडले, की त्यापूर्वी पाऊण शतक युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांना जे कोडे सुटले नव्हते, ते त्यामुळे सुटले.

हे गृहस्थ म्हणजे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे कोणी त्यांना ‘डे’ म्हणतात, पण बंगालीत आडनाव ‘दे’ असेच आहे. मराठी कानाला ते जरा मागणीसारखे वाटते. माणूस मात्र मागणारा नव्हता, आणि त्यामुळेच पुढे काय झाले, ते ओघाने येईलच.

प्रथम रोगाविषयी थोडे बोलले पाहिजे. सभेत बसलेल्या तरुण मंडळींना कॉलरा हा शब्द पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. वडीलधाऱ्यांना ‘पटकी’ म्हटले की वेगळे काही आठवेल. आषाढीच्या वारीला निघालेल्यांना टोचून घ्यावे लागे, ते याच रोगासाठी. गावोगावी वेशीजवळ जी मरीआई बसली आहे, ती याच रोगाची देवी. रोगाची साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलावा आणि रोगही तसाच गावोगाव फिरत जावा, असा तो सगळा प्रकार. आणखी एक शब्द आहे, ‘मोडशी’. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले, ते आपल्याकडच्या याच नावाने. पुढे फ्रेंचांनी त्या शब्दाची ओढाताण करून ‘मोर द श्यां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे त्याचे रूप केले. व्युत्पत्ती चुकली, पण वर्णन काही फार चुकले नाही.

कारण हा रोग माणसाला अक्षरशः वाळवून मारतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जातो. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र रोगात तासाला लीटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी धोबिणीच्या हातासारखी सुरकुतते, पोटऱ्यांत गोळे येतात, नाडी लागत नाही. आणि इतके होऊनही शुद्ध बहुधा शेवटपर्यंत शाबूत असते. ताप नाही, आतड्याला जखम नाही, रक्त नाही. नुसते पाणी जाते, आणि पाण्याबरोबर मीठ.

पाणी आणि मीठ जाते हे कळायला फार काळ लागला नव्हता. १८३१ साली इंग्लंडात साथ आली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले, की यातले पाणी आणि क्षार घटले आहेत, ते परत द्या. १८३२ साली थॉमस लॅटा याने शिरेतून मिठाचे पाणी देऊन काही रोगी मरणाच्या दारातून परत आणले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्र घालण्याच्या कामी लागला. औषधाचा धागा मात्र तुटला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारजल देण्याची पद्धत पुन्हा बसवली आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. पण पाणी जाते का, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

जंतू सापडला होता. इटलीत फिलिप्पो पाचिनी याने १८५४ सालीच तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्याचे कोणी ऐकले नाही. १८८३ साली रॉबर्ट कॉख इजिप्तमध्ये गेला, तिथून त्याच वर्षअखेरीस कलकत्त्याला आला, आणि १८८४ च्या आरंभी त्याने तो स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू निर्भेळ वाढवून दाखवला. कलकत्त्याच्या ज्या तळ्यात लोक धुणी धूत आणि ज्याचे पाणी पीत, त्या तळ्याच्या पाण्यातही त्याने तो दाखवला. कॉख केवढा जाणता होता पहा, हा जंतू आतड्यात एखादे खास विष सोडत असावा, असे त्याने तेव्हाच म्हणून ठेवले. पण ते विष काही कोणाला सापडेना, आणि एखाद्या जनावराला हा रोग हुबेहूब होईल, हेही कोणाला साधेना. म्यूनिकच्या वृद्ध माक्स फॉन पेटेनकोफर यांना तर केवळ जंतूने पटकी होते हे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी १८९२ साली जंतूंनी भरलेले द्रव सर्वांदेखत पिऊन टाकले, आणि थोडी ढाळ लागण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही! विज्ञानात हट्ट कधी कधी असा पचून जातो.

त्याच वर्षी कॉखच्या प्रयोगशाळेत रिचर्ड फायफर याने एक शोध लावला आणि पुढची साठ वर्षे त्या शोधाच्या छायेत गेली. पटकीचे मेलेले जंतू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचले तर तो प्राणी मरतो. म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे, जंतू मेला की ते बाहेर पडते आणि शरीरात भिनते, असा त्याने निष्कर्ष काढला. प्रयोग खरा होता. त्या विषाला त्याने दिलेले ‘एंडोटॉक्सिन’ हे नावही शास्त्रात टिकले. पण तो मेलेला गिनीपिग आणि पटकीचा रोगी यांच्यात साम्य काय? गिनीपिगला जुलाब होत नसत. तरीही विद्वान मंडळी रक्तात, यकृतात, पोटाच्या पोकळीत विष शोधत राहिली. आम्हांस वाटते, की या सगळ्या कथेतला समजून घेण्यासारखा भाग हाच आहे. साधने कमी नव्हती, बुद्धी कमी नव्हती. पाहायचे कुठे, एवढेच चुकले होते.

आता डॉ. दे यांच्याकडे वळू. १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा लहानसा धंदा, घरची स्थिती ओढगस्तीची. घरात शिकलेले असे एक चुलते होते, त्यांनी पुतण्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. गावच्या शाळेतून शिष्यवृत्ती घेत मुलगा हुगळीच्या मोहसीन कॉलेजात आणि तिथून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात गेला. शहरात राहण्याजेवण्याची सोय एका सधन गृहस्थाने केली. आपल्याकडे वार लावून जेवून शिकलेल्यांची एक पिढी होऊन गेली, तिच्या वारसांना यातले काही समजावून सांगण्याची गरज नाही. १९३९ साली ते एम. बी. झाले, १९४२ साली उष्ण कटिबंधातल्या रोगांची पदविका घेतली. रोगविकृतिशास्त्राचे प्राध्यापक मणींद्रनाथ दे यांचे या विद्यार्थ्यावर लक्ष गेले. आडनाव एकच, नाते नव्हते. ते नंतर जुळले, कारण प्राध्यापकमहाशयांनी आपली मुलगी त्यांना दिली.

१९४७ साली ते लंडनला गेले आणि सर रॉय कॅमेरन यांच्या हाताखाली त्यांनी दोन वर्षे काम केले. १९४९ साली पीएच. डी. मिळाली. विषय पटकीचा नव्हता. मेंदूत पाणी साचण्याच्या विकाराचा होता. त्याच काळात कॅमेरन आणि दे यांनी फुप्फुसात पाणी भरण्याच्या विकारावरही प्रयोग केले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. चरित्रकार बहुधा लंडनचे प्रकरण पदवीपुरते सांगून पुढे जातात. पण जरा विचार करून पाहा. ज्या माणसाने दोन वर्षे शरीरातले पाणी जिथे जाऊ नये तिथे कसे जाते हेच पाहण्यात घालवली, तो कलकत्त्यास परतल्यावर पटकीच्या रोग्याच्या खाटेजवळ उभा राहिला, तर त्याला फायफरचे विष आठवेल की ते वाहून जाणारे पाणी दिसेल? आमच्या मते त्याला पाणी दिसले, आणि म्हणून पुढचे सगळे घडले. हे आमचे अनुमान आहे. ते डॉ. दे यांच्या तोंडी आम्ही घालू इच्छित नाही.

परतल्यावर त्यांची नेमणूक नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात झाली. हे पूर्वीचे कॅम्बेल. याच संस्थेतल्या एका लहानशा खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली काळा-आजारावरचे यूरिया स्टिबमाइन तयार केले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. डॉ. दे यांच्या वेळी तिथे पटकीच्या रोग्यांना तोटा नव्हता. सकाळी विद्यार्थ्यांना शिकवायचे, रुग्णालयाचे तपासणीचे काम उरकायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा क्रम होता. आरंभी त्यांनी पटकीत मूत्रपिंडांची जी हानी होते, तिचा अभ्यास केला. मग ते मूळ प्रश्नाकडे आले.

त्यांचा प्रयोग सांगतो, तो ऐकताना तुम्हांला वाटेल, एवढेच? मोठा ससा घ्यायचा, त्याला एक दिवस उपाशी ठेवायचा. भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा चारेक इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमाच्या दोऱ्याने बांधायचा, म्हणजे त्याची एक बंद पिशवी होते. रक्ताचा पुरवठा तोडायचा नाही. सुईने त्या पिशवीत पटकीच्या जंतूंचे थोडेसे द्रव सोडायचे, शेजारच्या दुसऱ्या पिशवीत नुसते जंतुविरहित द्रव. पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहायचे. शेजारची पिशवी चपटी, रिकामी. जंतू सोडलेली पिशवी फुगून टम्म, आणि आत तांदळाच्या धुवणासारखे पाणी!

रोगी आणि प्राणी यांच्यात पहिल्यांदा सारखेपणा दिसला. मोठा ससा जंतू पाजले तर आजारी पडत नाही, कारण त्याचे आतडे ते पुढे ढकलून देते. बांधलेल्या पिशवीत जंतूंना थारा मिळाला. विष रक्तात शोधायचे नव्हते, आतड्याच्या आतल्या अस्तरापाशी शोधायचे होते. हा निबंध १९५३ साली दे आणि डी. एन. चटर्जी यांच्या नावे प्रसिद्ध झाला. अशाच धर्तीचा प्रयोग दोन संशोधकांनी १९१५ साली केला होता, पण तो पुढे कोणी नेला नाही आणि विस्मृतीत गेला. दे यांनी तो स्वतंत्रपणे केला आणि, मुख्य म्हणजे, तिथे थांबले नाहीत.

१९५६ साली त्यांनी दुसरी पायरी चढली. पटकीचा जंतू सापडत नाही पण रोगी तसाच ढाळतो, अशा रुग्णांपासून त्यांनी ई. कोलाय हा जंतू घेतला. हा एरवी प्रत्येकाच्या आतड्यात निरुपद्रवी नांदणारा जंतू. बांधलेल्या आतड्यात सोडल्यावर त्याच्या काही जातींनी पटकीसारखेच पाणी काढून दाखवले. लहान मुलांचे अतिसार आणि प्रवाशांना लागणारी ढाळ यांतला पुष्कळ भाग या जातींमुळे होतो, हे आज सर्वमान्य आहे. त्या शोधाचे दार १९५६ साली कलकत्त्यात उघडले.

पण मुख्य प्रश्न राहिलाच होता. आतड्यात पाणी काढतो तो जिवंत जंतू स्वतः, की त्याने सोडलेले काही? दे यांनी जंतू द्रवात वाढवले, मग ते द्रव अशा गाळणीतून काढले की एकही जंतू पलीकडे जाऊ नये. गाळून आलेले, जंतू नसलेले ते पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे फुगले. जंतूने आपल्या अंगाबाहेर सोडलेले विष त्या पाण्यात होते. फायफरचे विष नव्हे. ते उष्णतेने सहज जात नाही, हे मात्र तापवले की निकामी होते. कॉखने पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्याची कल्पना केली होती, ते विष हेच. निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात ३० मे १९५९ च्या अंकात आला. त्यावर एकट्या एस. एन. दे यांचे नाव आहे आणि त्याची लांबी दीड-दोन पानांची आहे.

इथे मुंबईची हकीकत सांगितली नाही, तर आपल्याकडच्या लोकांवर अन्याय होईल. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ साली दाखवले होते, की मोठ्या सशाला पटकी होत नसली तरी अगदी तान्ह्या सशाला ती होते. आणि १९५९ सालीच दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जंतू फोडून काढलेला अर्क तान्ह्या सशांना पाजून जिवंत जंतूंवाचून तसेच मारक जुलाब उत्पन्न केले. एकाच वर्षी, एकाच देशात, दोन शहरांत, दोन वाटांनी माणसे एकाच जागी पोचली होती. दोघांत डावेउजवे करण्याची आम्हांस हौस नाही. तरी एवढे म्हणता येईल, की जंतू फोडून काढलेले विष जंतूच्या अंगातले आहे, अशी शंका घेणाऱ्याला जागा राहते. गाळलेल्या पाण्यात ती जागा राहत नाही. दोन्ही प्रयोग एकमेकांस बळकटी देणारे होते, आणि पुढे ज्यांनी विष शुद्ध केले त्यांनी दोन्ही वाटांचा उपयोग केला.

त्या विषाची करामत आज बरीच उलगडली आहे. त्याचे दोन भाग आहेत. पाच पाकळ्यांसारखा एक भाग आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटतो, दुसरा भाग पेशीच्या आत शिरतो. पेशीतून क्षार बाहेर सोडण्याची एक चावी असते. एरवी ती उघडते आणि आपोआप मिटते. हे विष तिला मिटूच देत नाही. क्षार बाहेर वाहतात, त्यांच्यामागोमाग पाणी. पेशी मरत नाही, अस्तर फाटत नाही. १९६० साली बँकॉकमध्ये रोग्यांच्या आतड्यांचे तुकडे काढून पाहिले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे दिसले. अस्तर गळून पडते ही जुनी समजूत त्याबरोबर गेली.

अस्तर शाबूत आहे, या एका गोष्टीत किती माणसांचे प्राण अडकले होते ते पाहा. अस्तर शाबूत असेल तर ते पाणी शोषूनही घेऊ शकते, मात्र मिठाबरोबर साखर दिली पाहिजे, कारण साखर पेशीत शिरताना मीठाला हाताशी धरून नेते आणि त्या दारावर विषाचा ताबा नसतो. दे यांचा पहिला निबंध निघाला त्याच १९५३ साली, त्याच कलकत्त्यात, डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना तोंडावाटे असे द्रव दिल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. शास्त्रीय कारण हाती नसल्याने त्याकडे लक्ष गेले नाही. १९६८ साली ढाक्यात ते रीतसर प्रयोगांनी सिद्ध झाले. आणि १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे जमिनीवर रोगी पडलेले आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपलेले, अशी वेळ आली. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांच्या पुड्या पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिल्या. उपचाराविना शंभरातले तीसच्या आसपास जात होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात जी पुडी मिळते, ती हीच. ती पुडी डॉ. दे यांच्या गाळलेल्या पाण्यातून निघाली, असे आम्ही म्हणणार नाही, ते खरे होणार नाही. पण ती काम का करते, हे समजून घ्यायला निघालेला माणूस त्या बांधलेल्या आतड्यापाशीच येऊन पोचतो.

आता जरा अप्रिय भाग. १९५९ चा निबंध आला आणि त्यावर काही वर्षे जवळजवळ शांतता राहिली. दे यांनी १९६१ साली पटकीवर एक ग्रंथही लिहिला, तो विलायतेत छापला गेला. विष शुद्ध करण्याची त्यांची खटपट चालू होती, पण त्यासाठी जी यंत्रे आणि रसायनशास्त्रात तयार झालेली माणसे लागतात ती त्यांच्यापाशी नव्हती. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते शुद्ध स्वरूपात काढले, आणि मग जगभर त्याच्यावर निबंधांचा पाऊस पडला. दे तोवर बाजूला पडले होते.

असे का झाले? याला आपल्याकडे एक तयार उत्तर असते, की गोऱ्यांनी काळ्या माणसाचे श्रेय लाटले. या प्रकरणात ते उत्तर बसत नाही, आणि बसत नाही हेच अधिक लाजिरवाणे आहे. त्यांचे नाव पुन्हा वर काढले ते परदेशी शास्त्रज्ञांनीच. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. १९७८ साली स्टॉकहोममध्ये पटकीवर नोबेल परिसंवाद भरला, त्यात दे यांना सन्मानाने बोलावण्यात आले. तिथे ते जे बोलले त्याचा आशय असा, की १९६० नंतर आपण मेल्यासारखेच होतो, या समितीने आपल्याला उकरून काढले आणि दोन दिवस तुमच्यात काढल्यावर पुन्हा जिवंत होत असल्यासारखे वाटते आहे. त्रेसष्ट वर्षांचा, मितभाषी म्हणून ओळखला जाणारा माणूस परक्या देशात, परक्या सभेत हे बोलला.

आणि स्वदेशात? भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. कोणतेही मोठे पारितोषिक त्यांना मिळाले नाही. त्यांच्या विषयावर त्यांच्याच देशात संस्था निघाल्या, परिषदा भरल्या, पण ते सरकारी कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणून राहिले. स्वभावाचाही त्यात वाटा असावा. सभासंमेलनांत ओळखी वाढवाव्यात, कोणाच्या दारी जावे, मागावे, हे त्यांना जमले नाही. शिष्यांचा मोठा गोतावळा जमवला नाही. पण स्वभाव हे सांगायचे कारण झाले, पांघरूण होऊ शकत नाही. प्रयोग वाचून पाहण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना प्रयोगकर्त्याने नमस्काराला येण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. निबंध छापलेला होता, ग्रंथालयात होता, दोन पानांचा होता.

अकादम्यांचे सोडा, विद्यार्थ्यांचे काय? पटकीचा जंतू कॉखने शोधला, हे मुलांना पाठ असते. त्याच शहरात, त्याच जंतूचे विष कोणी शोधले, हे विचारल्यास बहुतेकांना उत्तर येत नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांतही पुष्कळांना येत नाही.

१९७३ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. त्यानंतरही त्यांनी काम सोडले नाही. चरितार्थासाठी रक्त-लघवी तपासणीचा व्यवसाय केला आणि संशोधनासाठी जिथे जागा मिळेल तिथे प्रयोग चालू ठेवले. १५ एप्रिल १९८५ रोजी ते वारले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, वैज्ञानिक निबंधांच्या उल्लेखांची मोजदाद ठेवणारे अमेरिकेतले यूजीन गारफील्ड यांनी पटकीच्या संशोधनावर दे यांचा किती प्रभाव पडला, यावर सविस्तर लेख लिहिला. बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने १९९० साली त्यांच्यावर खास अंक काढला. मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

पटकी गेलेली नाही. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली सातवी जागतिक साथ अद्याप चालूच आहे असे शास्त्रज्ञ मानतात. जिथे युद्ध असते, पूर येतो, पाण्याचे नळ आणि गटारे एकमेकांत मिसळतात, तिथे ती हजर होते, आणि जगभर दरवर्षी हजारो माणसे अजून तिने मरतात. पण आता ती कशी मारते हे ठाऊक आहे. त्या विषाचा चिकटणारा, निरुपद्रवी भाग घालून तोंडाने घेण्याची एक लसही निघाली. आणि ससा बांधण्याची ती साधी रीत, आतड्यात पाणी काढणारे कोणतेही विष तपासायचे असेल तर, पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. तिचा उल्लेख बहुधा ‘बांधलेल्या आतड्याची पद्धत’ एवढाच केला जाई. ज्याने ती बसवली त्याचे नाव तिला सहसा कोणी दिले नाही.